जमिनीखालची बैलजोडी उपाशी ठेवू नका

तुमच्या एक एकर काळ्या रानाखाली एक बैलजोडी आहे. तिला कासरा नाही, वेसण नाही, ती दावणीला बांधलेली नाही, म्हणून ती कुणाला दिसत नाही. पण ती खाते, राबते, आणि वैरण मिळाली नाही तर दावणीच्या जनावरासारखीच खंगत जाते. मृग तोंडावर आला आहे. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या माझ्या शेतकरी भावांना आणि मायबहिणींना एवढंच सांगायचं आहे की या जोडीची वैरण पेटवू नका.

बैलजोडी म्हणालो ते उगीच नाही. हिशेब मांडून पाहा. जमिनीचा वरचा सहा इंचांचा थर धरला तर एका एकरात साधारण आठ लाख किलो माती भरते. आपल्याकडच्या पुष्कळ रानांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. म्हणजे चार हजार किलो कर्ब झाला. त्यातला बहुतेक भाग जुना, कुजून मुरलेला असतो. शंभरातला एक ते चार भागच जिवंत असतो. मधला अडीचचा आकडा धरला तर जिवंत कर्ब शंभर किलो. सजीवाच्या सुक्या वजनात कर्ब निम्म्याच्या आसपास असतो, म्हणून सुकं वजन दोनशे किलो. आणि जिवंत शरीरात पाचातले चार भाग पाणी, म्हणून ओलं वजन हजार किलो. रान, खोली, ओल बदलली की आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण चांगल्या पोसलेल्या देवणी किंवा लाल कंधारी बैलांची जोडी साधारण एवढीच भरते. दोन्ही जाती आपल्याच देवणी आणि कंधार तालुक्यांच्या नावानं देशभर ओळखल्या जातात. वरची जोडी आपल्याला प्रिय आहे. खालचीही तितकीच आपली आहे.

ही जोडी बनली आहे जिवाणूंची, बुरशीच्या केसाहून बारीक तंतूंची आणि नुसत्या डोळ्याला न दिसणाऱ्या असंख्य जिवांची. चिमूटभर मातीत ते कोट्यवधी असतात. या सगळ्यांच्या मिळून वजनाला शास्त्रज्ञ मातीतला सूक्ष्मजीवांचा जैवभार म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट सोपी आहे. मातीचा जो भाग श्वास घेतो, तो हा.

ही जोडी काय काम करते?

पहिलं काम कुजवण्याचं. तुरीचा गळलेला पाला, सोयाबीनची गुळी, ज्वारीची धसकटं, उसाचं पाचट, शेण, मेलेली मुळं, हे सगळं आधी या जिवांच्या पोटातून जातं. त्यांनी खाऊन पचवल्याशिवाय त्यातला नत्र, स्फुरद, गंधक पिकाच्या मुळाला मिळत नाही. शेतात कुजणं थांबलं तर पहिल्याच वर्षाचं काड दहा वर्षं तसंच पडून राहील आणि पीक त्याच्या शेजारी उपाशी मरेल.

दुसरं काम सांभाळून ठेवण्याचं. या जिवांच्या शरीरात आठ भाग कर्बाला सुमारे एक भाग नत्र असतो. वरच्या हिशेबातल्या शंभर किलो कर्बासोबत बारा किलोच्या आसपास नत्र आला. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या गोणीत नत्र असतो वीस-एकवीस किलो. म्हणजे अर्ध्याहून जास्त गोणीइतका नत्र या जिवांनी आपल्या अंगात धरून ठेवलेला असतो. तो पावसानं वाहून जात नाही, उन्हानं उडून जात नाही. जुने जीव मरतात, नवे जन्मतात आणि हा नत्र थोडा थोडा करून पिकाला सुटत राहतो. खताची गोणी एकदा पडते. ही जोडी हंगामभर वाढत राहते.

तिसरं काम मातीला कणीदार ठेवण्याचं. बुरशीचे तंतू आणि जिवाणूंचा चिकट स्राव मातीचे बारीक कण एकमेकांना बांधून ठेवतात. अशा कणीदार मातीत पाऊस मुरतो. ही बांधणी सुटली की पहिल्या जोरदार सरीबरोबर वरचा थर लापशीसारखा होतो, त्यावर पापडी धरते आणि पुढचं पाणी वाहून जातं. लातूरला वर्षाकाठी सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो थोड्याच दिवसांत, धो धो पडतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ते दिवस आपण विसरलेलो नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात झालेला पाऊस आणि त्यानंतर सप्टेंबरात मराठवाडाभर खरडून गेलेली रानंही विसरलेलो नाही. तहान आणि पूर, दोन्ही आपल्याच वाट्याला येतात. दोन्ही वेळी कामाला येते ती पाणी मुरवणारी माती, आणि ती या जिवांशिवाय तयार होत नाही. खरडून जातो तो नेमका वरचा थर, जिथं ही जोडी सगळ्यांत जास्त असते. म्हणून एक इंच माती गेली की मातीबरोबर राबणारे हातही गेले, असं समजा.

चौथं काम तुम्ही नाकानं ओळखता. मृगाच्या पहिल्या सरीला वावरातून जो वास सुटतो, त्यातला मोठा भाग जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. ते मातीतले स्ट्रेप्टोमायसिस गटातले जीव तयार करतात. याच गटातल्या एका जिवापासून १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि क्षयाच्या रोग्यांना औषध मिळालं. शेतातही हे जीव रोगट बुरशीला दाबून ठेवायला मदत करतात. उन्हाळाभर कोरडी पडलेली माती भिजली की जिवंत राहिलेले जीव मेलेल्यांच्या अवशेषांवर तुटून पडतात, मातीचा श्वास एकाएकी जोरात चालू होतो आणि नत्राचा एक हप्ता मोकळा होतो. पहिल्या पावसानंतर आलेलं पीक काळंभोर दिसतं, त्यामागं हेही एक कारण आहे.

हा जिवंत भार मोजायचा कसा, हे जगाला कळून पन्नास वर्षं झाली. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात डेव्हिड जेन्किन्सन आणि डेव्हिड पॉल्सन या दोघांनी १९७६ मध्ये रीत बसवली. मातीचा नमुना क्लोरोफॉर्मच्या वाफेत ठेवायचा. आतले जीव मरतात. मग त्यांच्या शरीरातून किती कर्ब सुटतो ते मोजायचं आणि वाफ न दिलेल्या नमुन्याशी ताडून पाहायचं. पुढं याच रीतीनं डेन्मार्कमधली रानं तपासली गेली. तिथं एका तुकड्यात बार्लीचं काड १८ वर्षं दरसाल जाळलं होतं आणि शेजारच्या तुकड्यात ते मातीत गाडलं होतं. गाडलेल्या तुकड्यात एकूण कर्ब जेमतेम वाढलेला दिसला. जिवंत भार मात्र त्याच्या कितीतरी पटींनी जास्त वाढला होता. यातून आपण एक गोष्ट लक्षात ठेवायची. मातीचा एकूण कर्ब वाढायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून दोन वर्षांत कागदावर फरक दिसला नाही तरी हिरमुसू नका. जिवंत जोडी त्याआधीच अंग धरू लागलेली असते.

आपल्या हातात मृदा आरोग्य पत्रिका आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारनं ही योजना सुरू केली. तिच्यात बारा गोष्टी तपासलेल्या असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल आणि बोरॉन. जिवाणूंच्या भाराचा रकाना तिच्यात नाही. म्हणून पत्रिका हातात आली की आधी सेंद्रिय कर्बाचा आकडा पाहा, कारण जोडीची वैरण किती शिल्लक आहे ते तोच सांगतो. ०.४० पेक्षा कमी असेल तर रान कमी गटात आहे. ०.२० पेक्षाही कमी असेल तर अत्यंत कमी. मागच्या पत्रिकेशेजारी नवी ठेवून पाहा. आकडा उतरतो आहे की टिकून आहे, हा प्रश्न स्वतःला विचारा आणि घरातल्या कर्त्या माणसांपुढं मांडा.

जोडी उपाशी का पडली?

कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. कारणं आपल्या सगळ्यांच्या घरातली आहेत. ट्रॅक्टर आला, बैल गेले, गोठा रिकामा झाला आणि उकिरडाही आटला. पूर्वी ज्वारी, करडई, जवस, मूग, उडीद, तूर असं आलटून पालटून पेरलं जायचं. आता खरिपात शिवारच्या शिवार सोयाबीनचं आणि पुढं कित्येक रानं रिकामी. मजूर मिळत नाही, म्हणून सोयाबीनच्या मळणीनंतर गुळीच्या ढिगाला काडी लावली जाते. उसाचं पाचट पेटवलं जातं, चैत्र-वैशाखात बांध आणि धुरे पेटवले जातात. रोटाव्हेटर दोन-तीनदा फिरला की माती पिठासारखी होते आणि बुरशीचं जाळं तुटून जातं. मग उघडं रान वैशाखात तापतं. हवा बेचाळीस अंशांवर असते तेव्हा काळ्या उघड्या मातीचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्याही पुढं जातो. वर सावली नाही, खाली ओल नाही, पोटात वैरण नाही. अशा दावणीला कुठलं जनावर टिकेल?

मीही तरुणपणी तुरीची धसकटं वेचून बांधावर पेटवलेली आहेत. रान स्वच्छ दिसलं की शेतकरी नीटनेटका, असं वडीलधाऱ्यांनी शिकवलं होतं आणि मला ते पटलं होतं. आज कळतं की त्या धुरातून नत्र आणि गंधक आभाळात गेला आणि कर्बही गेला. राखेत थोडा पालाश उरतो हे खरं, पण वैशाखातल्या वाऱ्यात राख तरी किती दिवस जागेवर राहते? स्वच्छ रान म्हणजे चांगलं रान, ही समजूत आपण सोडायला हवी.

पटांचेरूचं रान काय सांगतं

देगलूर-उदगीरकडची मंडळी हैदराबादला जातात, त्याच भागात पटांचेरू इथं इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्था आहे. तिथली खोल काळी जमीन आपल्या जमिनीच्याच कुळातली. १९७६ पासून तिथं दोन पाणलोटांचे तुकडे शेजारी शेजारी सांभाळले जात आहेत. एका तुकड्यात जुनी रीत: पावसाळ्यात रान मोकळं ठेवायचं, रब्बीत ज्वारी किंवा हरभरा घ्यायचा, दर दोन वर्षांनी शेणखत टाकायचं. दुसऱ्या तुकड्यात रुंद सरी-वरंबा, पावसाळ्यातही पीक, तुरीसारखं कडधान्य सोबत आणि बेताचं रासायनिक खत.

पाव शतकाच्या नोंदींत पहिल्या तुकड्याचं सरासरी उत्पन्न हेक्टरी एक टनाच्या आसपास राहिलं, दुसऱ्याचं पाच टनांच्या आसपास गेलं. आणि दुसऱ्या तुकड्यातल्या सूक्ष्मजीवांच्या अंगातला नत्र पहिल्याच्या सुमारे दुप्पट भरला. नीट पाहा, शेणखत पहिल्या तुकड्यातही पडत होतं. फरक पडला तो पावसाळ्यातही जमिनीत जिवंत मुळं राहिल्यानं, कडधान्य सोबत असल्यानं, पाणी जागच्या जागी मुरल्यानं आणि बेताच्या खतानं. पिकाचं मूळ जिवंत असताना साखरेसारखी द्रव्यं मातीत सोडत असतं. तीही या जोडीची ओली वैरण आहे. जमीन रिकामी राहिली की ही वैरण बंद.

उलट, नुसतं रासायनिक खत म्हणजे विष, असंही मी म्हणणार नाही. देशात दीर्घकालीन खत प्रयोग १९७० पासून चालू आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही सोयाबीन-करडईवर असा प्रयोग चालतो. अशा प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे की शिफारशीइतकं खत अधिक शेणखत, या जोडगोळीत जिवंत भार सगळ्यांत चांगला राहतो. पीक जोमदार आलं की मुळं आणि पालाही जास्त येतो, आणि तो जोडीलाच मिळतो. घात होतो तो नुसत्या युरियावर भागवलं की, किंवा शेजाऱ्यानं दोन गोण्या टाकल्या म्हणून आपण तीन टाकल्या की.

आता काय करायचं

पहिलं, काडी लावू नका. सोयाबीनची गुळी जनावरं खातील तेवढी त्यांना द्या, उरलेली बांधाच्या कडेला खड्ड्यात किंवा ढिगात शेणकाल्यासोबत कुजवा. उसाचं पाचट सरीत पसरा, एक टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणूखत टाका, आणि पाणी द्या. कपाशीच्या पऱ्हाट्या मात्र रानात उभ्या ठेवू नका, त्यांत गुलाबी बोंडअळी दबा धरते. किडकी बोंडं वेगळी काढून नष्ट करा आणि पऱ्हाटी वेळेत उपटून यंत्रानं बारीक करून ढिगात कुजवा. यंत्र एकट्याला परवडत नाही. चार जणांनी मिळून भाड्यानं आणा.

दुसरं, कच्चं काड पेरणीच्या तोंडावर गाडू नका. गव्हाच्या काडात नत्राच्या एका भागामागं ऐंशी भाग कर्ब असतो, आणि जिवाणूंना अंग धरायला नत्र हवाच. तो काडात नाही मिळाला की ते मातीतला उचलतात आणि तुमचं रोप पिवळं पडतं. त्यावरून लोक म्हणतात की काड गाडल्यानं पीक बिघडतं. पीक काडानं बिघडत नाही, वेळ चुकल्यानं बिघडतं. काड पेरणीच्या दीड-दोन महिने आधी, ओल असताना मातीत जाऊ द्या. ते जमत नसेल तर गाडू नका, वरच पसरून ठेवा. वर पसरलेलं काड हळू कुजतं, नत्राची ओढाताण करत नाही आणि मातीला सावली देतं.

तिसरं, शेणखत उघड्या ढिगात वाळवू नका. उन्हापावसात पडलेल्या उकिरड्यातला नत्र उडून आणि वाहून जातो. आपल्या शेजारच्या पुसदला नारायण पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार हौदाची जी पद्धत बसवली, ती त्यांच्या नावावरून नाडेप म्हणून देशभर गेली. थोडं शेण, पुष्कळ काडीकचरा, थोडी माती, थर लावून भिजवायचं आणि लिंपायचं. तिच्याही आधी, १९२४ ते १९३१ या काळात, इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची इंदूर पद्धत घडवली. जनावरं थोडी असली तरी खत पुष्कळ कसं करायचं, याचं उत्तर दोन्ही पद्धतींत आहे. एक-दोन जनावरांवर आलेल्या आजच्या घराला तेच हवं आहे. ज्यांच्याकडं एकही जनावर नाही, त्यांनी उन्हाळ्यात मेंढपाळांना मानानं बोलवावं, रानात मेंढ्या बसवाव्यात. आपल्या आजोबा-पणजोबांनी धान्य देऊन तेच केलं होतं.

चौथं, रान उघडं ठेवू नका. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी ठेवा, म्हणजे सोयाबीन निघाल्यावरही मुळं जिवंत राहतील आणि तुरीचा पाला रानातच गळेल. ओल असेल तर सोयाबीनमागं हरभरा किंवा करडई घ्या. बांधावर गिरीपुष्प लावा, पावसाळ्यात छाटणी करून त्याचा कोवळा पाला रानात टाका. पाण्याची सोय असेल तर ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याला गाडा. नांगरट दरसाल केलीच पाहिजे असं नाही. एखादा तुकडा रुंद वरंब्यावर, कमीत कमी हलवून करून पाहा.

पाचवं, बियाण्याला जिवाणूखत लावा, पण क्रम पाळा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि शेवटी, पेरणीच्या थोडं आधी, रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू. मग सावलीत सुकवा. क्रम उलटा झाला तर औषध जिवाणूंनाच मारतं. पाकीट घेताना मुदत पाहा आणि ते दुचाकीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, त्यात जीव आहेत.

इथं एक कळकळीचं सांगणं आहे. बाटलीतलं कल्चर असो, घरचं जीवामृत असो की विद्यापीठाचं बायोमिक्स असो, ते विरजण आहे. विरजणाला दूध लागतं. कर्ब ०.२० वर आलेल्या, उन्हात भाजलेल्या रानात नुसती बाटली ओतणं म्हणजे नवीन बैल आणून रिकाम्या गव्हाणीला बांधणं. आधी वैरण, मग बैल. येळवशीला आपण कडब्याच्या कोपीत पूजा करतो, आंबील शिंपडत रानाला फेरी घालतो. ती आंबील कशी होते ते घरातल्या बायांना विचारा. ताकातले जीव आणि ज्वारीचं पीठ, दोन्ही लागतात. पीठ नसेल तर नुसतं आंबट पाणी उरतं. जमिनीचं गणित त्या माठात आहे.

बटईदार, गावकरी आणि शाळा

ज्यांनी रान ठोक्यानं किंवा बटईनं दिलं आहे, त्या मालकांना माझी वेगळी विनंती आहे. एका सालासाठी रान करणारा माणूस शेणखत कशाला टाकेल? त्याचं फळ पुढच्या तीन वर्षांत मिळतं आणि तोवर रान दुसऱ्याकडं गेलेलं असतं. तीन-चार सालांचा बोल करा. जो काड जाळणार नाही आणि खत टाकेल, त्याला ठोक्यात थोडी सूट द्या. जमीन तुमची आहे, तिची झीज शेवटी तुमच्याच मुलांना भोगावी लागेल.

गावातल्या आणि लातूर-नांदेडच्या मोहल्ल्यातल्या घरांनी ओला कचरा वेगळा ठेवावा, झाडांचा पाला पेटवू नये. ग्रामपंचायतीनं गावाबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगाला आग लागू देऊ नये. ज्या भाज्या आपण खातो त्या कुणाच्या तरी मातीतून आल्या आहेत. त्यांची सालं-देठं मातीतच परत गेली पाहिजेत.

आणि जिल्हा परिषद शाळांतल्या गुरुजींना, बाईंना सांगणं आहे की पुढचे तीन प्रयोग मुलांच्या हातून करून घ्या. घरी मुलगा किंवा मुलगी बोलली तर बाप ऐकतो.

जोडीची प्रकृती स्वतः पाहा

पहिला प्रयोग ढेकळाचा. काड जाळलेल्या रानातलं एक वाळलेलं ढेकूळ आणि बांधाजवळच्या, कधी न नांगरलेल्या गवताखालचं एक ढेकूळ घ्या. दोन काचेच्या ग्लासात पाणी घेऊन जाळीवर अलगद ठेवा. एक लगेच विरघळून गढूळ होईल, दुसरं बराच वेळ धरून राहील. कोणतं कोणतं, हे तुम्हाला सांगावं लागणार नाही.

दुसरा प्रयोग गाठींचा. सोयाबीन फुलोऱ्यात आलं की चार-पाच झाडं खुरप्यानं अलगद, मातीसकट उपटा. मुळांवरच्या गाठी मोजा आणि दोन-तीन नखानं फोडा. आतून गुलाबी-लालसर असल्या तर त्या हवेतला नत्र ओढत आहेत. पांढऱ्या किंवा हिरवट असल्या तर त्या बसून आहेत. गाठीच नसतील तर पुढच्या साली बियाण्याला रायझोबियम चुकवू नका.

तिसरा प्रयोग कापडाचा. कॅनडा आणि स्वित्झर्लंडमधले लोकही तो सुती कपडे पुरून करतात. आपण तर कापसाच्या मुलखात राहतो, ‘नांदेड ४४’ हे कपाशीचं वाण नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून निघालं. पांढऱ्या शुद्ध सुती पंचाचे हातभर लांबीचे दोन सारखे तुकडे घ्या. सोयाबीन पेरताना एक तुकडा काड जाळलेल्या रानात आणि एक काड न जाळलेल्या रानात, वीतभर खोल पुरा. जागा कळावी म्हणून खुंटी ठोका. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणजे कर्बयुक्त तंतू, त्यात नत्र नाहीच म्हटलं तरी चालेल. जिथं जोडी धडधाकट असेल तिथं ती तो खाऊन टाकील. जिथं खंगली असेल तिथं कापड बरंचसं शाबूत निघेल.

कापड कधी काढायचं, तो दिवसही आपल्या पंचांगात आहे. श्रावणातल्या अमावास्येला पोळा येतो. पेरणीपासून अडीच महिने होतात. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळण होते, जू वाहून वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-लोणी लागतं. दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, पुरणाचा घास. ज्यांच्या गोठ्यात आता बैल नाहीत, ते मातीचे बैल पुजतात.

या पोळ्याला सकाळी, बैल धुवायला नेण्याआधी, लेकरांना घेऊन रानात जा आणि त्या दोन खुंट्या उपटा. दोन्ही कापडं पाण्यात खळखळून दोरीवर शेजारी शेजारी वाळत घाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला बघू द्या. जे कापड शाबूत निघालं, त्या रानात यंदा काडी लावायची नाही, असं घरच्या सगळ्यांदेखत ठरवा. सगळं रान एकदम नको, एकच एकर धरा. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची मळणी होईल, गुळीचा ढीग पडेल, आणि तेव्हा त्या एकराच्या वाट्याची गुळी त्याच एकराला परत द्या.